नोकर की ठेकेदार? आखाताच्या व्हिसाचा खरा सवाल

आखाती देशांत निघालेल्या आपल्या माणसाला व्हिसा कसला मिळाला असे विचारले, तर उत्तर येते, "दोन वर्षांचा." नाहीतर, "आझाद आहे." मुदत किती, पगार किती, एजंटला किती द्यायचे, हे सर्व त्याला तोंडपाठ असते. परंतु त्या देशाच्या कायद्याच्या नजरेत आपण तेथे कोण म्हणून जात आहोत? एखाद्या मालकाचा नोकर म्हणून, की स्वतःच्या जबाबदारीवर काम घेणारा ठेकेदार म्हणून? हा प्रश्न फारच थोडे जण विचारतात. पगार बुडाला, हात मोडला, पोलिसांनी धरले, तर दाद कुणाकडे मागायची हे मात्र याच एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

कोकणातल्या गावांतून, मुंबईच्या मोहल्ल्यांतून आणि मराठवाड्यातून गवंडी, सुतार, दर्जी, एसी मेकॅनिक, ड्रायव्हर असे हजारो लोक गेली पन्नासेक वर्षे तिकडे जात आले आहेत. अलीकडे दुकानदार आणि लहान ठेकेदारही जातात. दोघांचे नियम वेगळे आहेत. ते नीट समजून न घेता एकाच्या कागदावर दुसऱ्याचे काम करणे, हे आपल्या लोकांच्या निम्म्याहून अधिक अडचणींचे मूळ आहे असे माझे मत आहे.

फिक्हमधला जुना फरक

नोकर आणि ठेकेदार यांतला फरक आपल्याला नवा नाही. फिक्हच्या किताबांत 'इजारा' या प्रकरणात उजरतीवर काम करणाऱ्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक अजीर-ए-खास आणि दुसरा अजीर-ए-मुश्तरक. अजीर-ए-खास म्हणजे ज्याने ठरावीक मुदतीसाठी आपला वेळ एकाच मालकाला दिला आहे तो. तो वेळेवर हजर राहिला की उजरतीचा हकदार झाला. मालकाने त्या दिवशी काम दिले नाही तरी उजरत द्यावी लागते. अजीर-ए-मुश्तरक म्हणजे ज्याच्याकडे कुणीही काम घेऊन यावे असा कारागीर. यासाठी किताबांत नेहमी दिली जाणारी उदाहरणे आपल्याच धंद्यातली आहेत: दर्जी, रंगारी, धोबी. त्याला उजरत मिळते ती वेळेची नव्हे, पुऱ्या केलेल्या कामाची.

नुकसानीचा नियमही दोघांचा वेगळा. हनफी मजहबात अजीर-ए-खासच्या हातून निष्काळजीपणा न होता माल बिघडला, तर त्याच्याकडून भरपाई घेता येत नाही. मुश्तरकच्या स्वतःच्या कामामुळे माल बिघडला, उदाहरणार्थ धोब्याने आपटताना कापड फाडले, तर त्याने भरून द्यावे. आणि माल त्याच्याकडून चोरीला गेला तर? इमाम अबू हनीफा यांच्या मते त्याच्यावर भरपाई नाही. त्यांचे दोन शिष्य, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, यांच्या मते जे नुकसान टाळता आले असते त्याची भरपाई आहे. कारागिरांच्या हाती माल सोपवताना लोकांची काळजी मिटावी, हा त्यामागचा विचार.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उजरत मीटरवर किंवा नगावर मिळते म्हणून माणूस ठेकेदार होत नाही. भिवंडी-मालेगावच्या कारखान्यात यंत्रमाग चालवणाऱ्याला मीटरमागे मजुरी मिळते, परंतु माग मालकाचा, सूत मालकाचे, पाळी मालकाने ठरवलेली. तो कामगारच. याउलट एखादा मास्टर दर्जी आपली शिलाई यंत्रे, आपली पोरे घेऊन चार दुकानांचे काम घेतो, तो महिन्याला ठरीव रक्कम घेत असला तरी ठेकेदार. वेळ कुणाच्या हुकमतीत आहे, अवजारे कुणाची, आणि काम फसले तर तोटा कुणाचा, हे पाहावे. जगातले बहुतेक मजूर कायदेही थोड्याफार फरकाने हेच पाहतात.

नोकराचा व्हिसा म्हणजे काय

आखातातला नोकरीचा व्हिसा हा माणसाला त्या देशात काम करण्याची मोकळीक देत नाही. तो एका मालकाकडे, एका पेशासाठी काम करण्याची परवानगी देतो. ही गोष्ट आपले लोक ऐकतात, पण मनावर घेत नाहीत.

संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई, शारजा, अबुधाबी वगैरे सात अमिरातींत, २०२१ चा ३३ क्रमांकाचा मजूर कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात नोकराच्या बाजूने पुष्कळ गोष्टी आहेत. भरतीचा खर्च मालकाने करायचा, नोकराकडून तो उघड किंवा आडमार्गाने वसूल करायचा नाही. पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवायचा नाही. उमेदवारीचा काळ सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार आणि त्यापुढच्या दर वर्षाला ३० दिवसांचा. समजा एखाद्याचा मूळ पगार १५०० दिरहम आहे आणि त्याने सात वर्षे काम केले. दिवसाचे ५० दिरहम, २१ दिवसांचे १०५०, पाच वर्षांचे ५२५०, पुढच्या दोन वर्षांचे ३०००, मिळून ८२५० दिरहम झाले. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की हिशोब मूळ पगारावर होतो, घरभाडे-भत्ते धरून नव्हे. म्हणून करारात मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त लिहिले असतील, तर एकूण आकडा पाहून खुश होऊ नये.

सौदी अरबात १४२६ हिजरीचा, म्हणजे २००५ सालचा, मजूर कायदा आहे. त्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे भरतीची फी, इकामा व वर्क परमिटची फी, त्यांचे नूतनीकरण आणि नोकरी संपल्यावर परतीचे तिकीट हा खर्च मालकाचा. नोकरीअखेरची रक्कम पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी अर्ध्या महिन्याचा पगार आणि नंतर दर वर्षी एक महिन्याचा. स्वतः राजीनामा दिला तर मात्र ती कापली जाते. दोन ते पाच वर्षे नोकरी झाली असेल तर एक तृतीयांश मिळते, पाच ते दहा वर्षे झाली असतील तर दोन तृतीयांश, आणि दहा वर्षांनंतर पूर्ण.

हे सर्व हक्क ज्याच्या नावाने परमिट आहे त्या मालकाविरुद्ध आहेत, दुसऱ्या कुणाविरुद्ध नाहीत. सौदीच्या कायद्याचे ३९ वे कलम सांगते की मालकाने आपला नोकर दुसऱ्याकडे कामाला सोडायचा नाही, आणि नोकराने दुसऱ्याकडे किंवा स्वतःच्या हिशोबावर काम करायचे नाही. अमिरातीतही परमिटशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्यास २०२४ च्या दुरुस्तीपासून किमान १ लाख आणि कमाल १० लाख दिरहम दंड आहे. पूर्वी तो ५० हजार ते २ लाख होता. दंड मालकाला आहे, मला काय, असे कुणी म्हणू नये. एवढा दंड डोक्यावर असलेला मालक धाड पडताच पहिल्यांदा तुम्हाला ओळखण्यास नकार देतो.

'आझाद' व्हिसा

कायद्यात आझाद व्हिसा नावाचा कोणताही व्हिसा नाही. ना सौदीत, ना कुवेतमध्ये, ना ओमानमध्ये. बाजारात ज्याला आझाद व्हिसा म्हणतात तो साधा नोकरीचा व्हिसा असतो. कफील आपल्या नावावर परमिट काढतो, कागदावर पेशा लिहितो सफाई कामगार किंवा घरगुती ड्रायव्हर, आणि माणसाला सांगतो की जा, बाहेर कमावून खा, मला वर्षाचे इतके दे. इकाम्याच्या नूतनीकरणाचा खर्चही माणसाचाच. २०१८ पासून सौदी सरकारने परदेशी कामगारामागे महिन्याला आकारली जाणारी फी वाढवत नेली, तेव्हा हा भार कायद्याने मालकाचा असूनही आझाद व्हिसावाल्यांच्या खिशातूनच गेला.

आता वरचा फरक येथे लावून पाहा. हा माणूस प्रत्यक्षात अजीर-ए-मुश्तरक आहे. आज या इमारतीत प्लास्टर, उद्या त्या बंगल्यात फरशी. पण कागदावर तो कफीलाचा अजीर-ए-खास आहे. परिणाम असा की त्याला दोन्हींपैकी एकाचाही फायदा मिळत नाही. काम करूनही इमारतवाल्याने पैसे दिले नाहीत, तर तो मजूर कचेरीत जाऊ शकत नाही, कारण इमारतवाला त्याचा मालक नाही. ठेकेदार म्हणून दावा लावू शकत नाही, कारण त्याच्याजवळ धंद्याचे लायसन्स नाही. कफीलाकडे ग्रॅच्युइटी मागू शकत नाही, कारण पगार कधी घेतलेलाच नाही. परातीवरून पडून जखमी झाला, तर कामावरच्या अपघाताचा विमा हा नोंदलेल्या मालकाच्या कामासाठी असतो. नोंदलेल्या मालकाच्या कामावर तो नव्हताच. तक्रार करायला गेला, तर पहिली कबुली त्याला स्वतःविरुद्ध द्यावी लागते की मी दुसरीकडे काम करीत होतो.

पेशा 'घरगुती ड्रायव्हर' लिहिलेला असेल तर अडचण आणखी वाढते. घरगुती कामगार सौदीच्या सर्वसाधारण मजूर कायद्याच्या बाहेर ठेवलेले आहेत, त्यांचे नियम वेगळे. १४ मार्च २०२१ पासून सौदीने सुधारणा लागू केली. तीनुसार एक वर्ष पूर्ण केलेला कामगार मालकाच्या संमतीवाचून दुसऱ्या मालकाकडे करार बदलू शकतो. हे सर्व 'किवा' या सरकारी व्यवस्थेतून होते. परंतु घरगुती ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ, शेतमजूर यांना त्या सुधारणेतून वगळले होते. म्हणजे आझाद व्हिसावर जो पेशा सर्वांत जास्त विकला जातो, त्यालाच ती सवलत नव्हती. शिवाय ही सवलतही एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची आहे, मालकाविना राहण्याची नाही. 'कफाला संपली' अशी बातमी वाचून जे लोक हिंडायला मोकळे झालो असे समजतात, ते फसतात.

२०१३ चे साल आपल्या वस्त्यांत अनेकांना आठवत असेल. त्या वर्षी सौदी सरकारने दुसऱ्याकडे काम करणाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली आणि कागद दुरुस्त करण्यास आधी ३ जुलै, मग ३ नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली. लाखाहून अधिक भारतीय परतले. आपल्याकडे लोक त्याला 'निताकात' म्हणतात. खरे तर निताकात ही २०११ पासूनची वेगळी योजना आहे, कंपनीत सौदी लोकांचे प्रमाण किती हे ठरवणारी. २०१३ मध्ये परतलेल्या पुष्कळांचा दोष तो नव्हता. त्यांचा इकामा एकाचा आणि काम दुसऱ्याचे, हे कारण होते. अमिरातीनेही १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ अशी कागद दुरुस्तीची सवलत दिली. अशा सवलती येतात आणि जातात. त्यांच्या भरवशावर घर चालवता येत नाही.

कफीलाला द्यायच्या या वार्षिक रकमेविषयी एक शरई मुद्दा मांडतो. उलेमांनी याबाबत सविस्तर सांगावे, मी व्यापारी माणूस आहे. फिक्हमध्ये कफाला म्हणजे जामीनकी. ती नेकीचे काम मानली आहे आणि केवळ जामीन राहण्याबद्दल मोबदला घेणे बहुसंख्य फुकहांनी नाजायज ठरवले आहे. आजची कफाला सरकारी व्यवस्था आहे, हुबेहूब तीच चीज नाही, हे मान्य. तरीही कफील काम देत नाही, भांडवल देत नाही, तोट्यात भागीदार नाही, आणि फक्त नावाचे पैसे घेतो. ही रक्कम कशाबद्दल, याचे उत्तर घेणाऱ्याने आणि देणाऱ्यानेही शोधले पाहिजे.

ठेकेदाराची सरळ वाट

मग ज्याला खरोखर स्वतःचे काम करायचे आहे त्याने काय करावे? वाट आहे, पण ती महाग आहे आणि सर्वांसाठी नाही.

अमिरातीत स्वतंत्र काम करणाऱ्यासाठी फ्रीलान्स परमिट आहे. दुबईच्या फ्री झोनमधली अशी परमिटे मुख्यतः माध्यमे, शिक्षण, डिझाइन आणि संगणक या क्षेत्रांतल्या लोकांसाठी निघाली. ऑक्टोबर २०२२ पासून पाच वर्षांचा ग्रीन व्हिसा सुरू झाला. स्वतंत्र काम करणाऱ्याला तो हवा असेल तर परमिट, पदवी किंवा विशेष पदविका, आणि मागच्या दोन वर्षांत वर्षाला किमान ३ लाख ६० हजार दिरहम उत्पन्न दाखवावे लागते. आपला दहावी नापास गवंडी कितीही कसबी असला, तरी या दारातून आत जाणार नाही. जाहिरातीत 'फ्रीलान्स व्हिसा' वाचला की आधी हे विचारावे: परमिट कोणत्या सरकारी खात्याचे, कोणत्या पेशाचे, आणि त्या पेशात माझे काम बसते का? फॅशन डिझायनरच्या परमिटवर दुसऱ्याच्या कारखान्यात अबाया शिवणे हे पुन्हा तेच आझाद व्हिसाचे दुखणे आहे, फक्त कागद गुळगुळीत.

बहरीनने मात्र एक वेगळा प्रयोग केला. जुलै २०१७ पासून तेथे 'फ्लेक्सी परमिट' दिले जाऊ लागले. ज्यांचे परमिट संपले किंवा रद्द झाले होते अशा साध्या कामगारांना स्वतःच स्वतःचा कफील होता येई. फी, विमा, सर्व त्यांनीच भरायचे, आणि वेगवेगळ्या मालकांकडे उघडपणे काम करायचे. अजीर-ए-मुश्तरकला कायद्याने मान्यता देणारा आखातातला हा पहिला मोठा प्रयत्न म्हणता येईल. स्थानिक व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध ओरड केली की हे लोक आमचा धंदा खातात. ऑक्टोबर २०२२ मध्ये योजना बंद झाली आणि त्या वर्षाच्या अखेरीस तिच्या जागी पेशानुसार नोंदणी करून मिळणारे परमिट आले. म्हणून जुन्या माहितीवर कुणी 'बहरीनचा फ्लेक्सी' विकत असेल तर तो माणूस पाच मिनिटांत ओळखता येतो.

ज्याची स्वतःची लहान कंपनी आहे आणि ज्याला दुबईत एखादे काम मिळाले आहे, उदाहरणार्थ प्रदर्शनाचा मंडप किंवा दुकानाचे लाकूडकाम, त्याचा प्रश्न निराळा. त्याच्या सुतारांना तेथे नेताना ते भारतातल्या कंपनीचे नोकर असले, तरी अमिरातीच्या हद्दीत काम करण्यास तेथल्या लायसन्स असलेल्या आस्थापनेमार्फत परमिट लागते. त्यासाठी एका कामापुरते परमिट आणि सहा महिन्यांच्या आतल्या कामाचे तात्पुरते परमिट असे प्रकार कायद्यात आहेत. सौदीत 'अजीर' नावाचीच सरकारी व्यवस्था आहे. एका आस्थापनेचा नोकर तात्पुरता दुसऱ्या आस्थापनेकडे कामाला द्यायचा असेल, तर त्या व्यवस्थेत नोंद करून तसे करता येते. नाव पाहून फिक्हच्या वाचकाला हसू येईल, पण काम उपयोगाचे आहे. जे उघडपणे आणि नोंदीनिशी करता येते ते चोरून करण्यात काय फायदा, हे मला आजवर कुणी समजावून दिलेले नाही.

मोठा पल्ला गाठायचा असेल तर स्वतःचे लायसन्स. अमिरातीत १ जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत मुख्य भूमीवरही परदेशी माणसाला शंभर टक्के मालकी घेता येते. पूर्वी ५१ टक्के स्थानिक भागीदार लागत असे. लायसन्स निघाले की मालक म्हणून व्हिसा मिळतो. पण मग नोकराचे हक्क विसरावे लागतात. ग्रॅच्युइटी नाही, पगाराची हमी नाही. उलट तुमच्या हाताखालच्यांची ग्रॅच्युइटी तुम्हाला द्यावी लागते. वर्षाची उलाढाल ३ लाख ७५ हजार दिरहमच्या वर गेली की पाच टक्के व्हॅटची नोंदणी सक्तीची आहे. दर ठरवताना हे सर्व धरले नाही, तर काम मिळूनही तोटा होतो. आपल्याकडचे ठेकेदार मजुरीचा दर सांगताना जसा चहापाण्यापुरता हिशोब करतात, तसा तेथे चालत नाही.

दुसऱ्याच्या नावाचे दुकान

व्यापारी वाचकांसाठी ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे. सौदीत परदेशी माणसाने स्थानिकाच्या नावावर दुकान काढायचे, माल याचा, नफा याचा, स्थानिकाला महिन्याची ठरीव रक्कम, असा प्रकार वर्षानुवर्षे चालत आला. याला तेथे 'तसत्तुर' म्हणतात, म्हणजे पडद्याआड राहणे. २०२० साली त्याविरुद्ध नवा कायदा आला. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रियालपर्यंत दंड. शिवाय मिळकत जप्त, आणि परदेशी माणसास देशाबाहेर काढून परत येण्यास बंदी. कागद दुरुस्त करून घेण्याची मुदत १६ फेब्रुवारी २०२२ ला संपली. दुकानातला बराचसा व्यवहार आता बँकेतून होत असल्याने पैसा शेवटी कुणाकडे जातो हे सरकारला दिसते. इकाम्यावर 'सेल्समन' लिहिलेला माणूस महिन्याला लाखो रियाल फिरवतो, हे लपत नाही.

अशा दुकानात ज्याने भांडवल घातले, त्याचे भांडवलही अधांतरी. स्थानिकाने एक दिवस कुलूप लावले तर कोर्टात कोणता कागद दाखवणार? जो कागद दाखवाल तोच गुन्ह्याचा पुरावा. आपले काही बांधव निवृत्तीची पुंजी, बायकोचे दागिने मोडून आलेला पैसा अशा 'भागीदारीत' घालतात. भागीदारी लिहून ठेवता येत नसेल, तर ती भागीदारी नाही.

माल पाहायला, भाव ठरवायला, ऑर्डर घ्यायला व्यापारी व्हिजिट व्हिसावर जातो, त्यात वावगे काही नाही. मालाचे नमुने दाखवावे, सौदा करावा, परत यावे. पण दुकानाच्या काउंटरवर उभे राहून विक्री करणे, यंत्र बसवून देणे, कटिंग करून देणे हे काम झाले आणि त्याला परमिट हवे. प्रदर्शनात माल विकायचा असेल तर आयोजकाकडून परवानगीचा कागद आधीच घ्यावा. उमऱ्याच्या व्हिसावर जाऊन कामाला राहणे याविषयी तर बोलायलाच नको. इबादतीच्या नावाने घेतलेली परवानगी आणि त्यावर लपूनछपून कमाई!

हे नियम फक्त अरबांचे आहेत असे नाही. २००९ साली आपल्याच सरकारने बिझनेस व्हिसावर येऊन प्रकल्पांवर काम करणाऱ्या परदेशी लोकांना परत जाऊन एम्प्लॉयमेंट व्हिसा घेऊन येण्यास सांगितले. त्यांत बहुतांश चिनी कामगार होते.

निघण्यापूर्वी इकडचे कागद

आपल्याकडे १९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआरचा शेरा असतो. त्यांना आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. ती ई-मायग्रेट या सरकारी व्यवस्थेतून मिळते. एजंट नोंदलेला आहे की नाही, हेही तेथेच पाहता येते. एजंटने घ्यायची फी कायद्याने ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त नसावी. आझाद व्हिसाला लाख-दोन लाख मागणारा यातून आपोआप उघडा पडतो. मंजुरी घेऊन जाणाऱ्याला प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये. व्हिजिट व्हिसावर पाठवून तेथे 'व्हिसा बदलून देतो' म्हणणारा एजंट माणसाला या मंजुरीतून आणि विम्यातून, दोन्हींतून बाहेर काढतो.

हाती आलेल्या करारावर चार गोष्टी बोट ठेवून पाहाव्यात. मालक म्हणून कुणाचे नाव आहे आणि प्रत्यक्ष काम त्याच्याकडेच आहे का. पेशा कोणता लिहिला आहे. सौदीसाठी प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर अशा काही पेशांची कसब चाचणी आता भारतातच द्यावी लागते, म्हणून खोटा पेशा तेथेच उघडा पडतो. मूळ पगार किती. आणि पगार बँकेतून येणार की हातात. अमिरातीत २००९ पासून पगार सरकारी नोंदीच्या व्यवस्थेतून देण्याचा नियम आहे, आणि पगार बुडाल्यास तीच नोंद तुमची साक्षीदार असते.

अमिरातीच्या मजूर खात्याचे नोकरीचे प्रस्तावपत्र अरबी आणि इंग्रजीबरोबर कामगाराला समजणाऱ्या तिसऱ्या भाषेत देण्याची सोय आहे. त्या भाषांत उर्दू आहे, हिंदी आहे, मराठी नाही. आपल्या घरातल्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलाने हिंदी प्रत मागावी, उर्दू शाळेतल्याने उर्दू. सही करण्यापूर्वी ती घरी आणून वडीलधाऱ्यांसमोर एकदा मोठ्याने वाचावी, आणि तिची एक प्रत घरच्या कपाटात ठेवून मगच विमानात बसावे.